बर्नसाइडच्या सहीचा रेल्वे कर्जरोखा घ्यावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही उत्तराचा धागा लागेल. तुम्ही इंडियानापोलिसजवळ राहता. नाशिकला तुमचे वडील जुने स्टॅम्पपेपर आणि कोर्ट फीची तिकिटं जमवतात, त्यांच्या पंचाहत्तरीला एखादा वेगळा कागद न्यावा असं तुमच्या मनात आहे. एका जुन्या घरातल्या सामानाच्या विक्रीत तुम्हाला इंडियानापोलिस अँड व्हिन्सेन्स रेलरोडचा कर्जरोखा दिसला, खाली 'ए. ई. बर्नसाइड' अशी सही. विक्रेता म्हणतो, ही गृहयुद्धातल्या सेनापतीची आणि सिनेटरची सही आहे, दुर्मिळ आहे, ६५० डॉलर द्या. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या एका रोख्यावर 'सोन्याच्या नाण्यात देय' असं छापलेलं आहे आणि तो आजही वसूल होऊ शकतो, असंही त्याने तुम्हाला सांगितलं. घ्यावा का, आणि पुढे असेच राजकारण्यांच्या सह्यांचे रोखे जमवायचे झाले तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंत.

मी चोवीस वर्षं पेनसिल्व्हेनियात राहून जुनी कागदपत्रं घेते, विकते, आणि लिलावासाठी त्यांची वर्णनं लिहून देते. माझं मत आधी सांगते: कागद चांगला आहे, मनापासून घेण्यासारखा आहे, पण ६५० डॉलर देऊ नका. सोन्याच्या गोष्टीकडे तर ढुंकूनही पाहू नका. आता असं का, ते सविस्तर.

तुम्ही विचारलंय 'सही खरी का?' तो प्रश्न रास्त आहे, पण माझ्या कामात तो दुसऱ्या नंबरवर येतो. पहिला प्रश्न असतो, ही सही या माणसाने कोणत्या नात्याने आणि आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर केली? बर्नसाइडचंच घ्या. त्याचा जन्म इंडियानातल्या लिबर्टी गावचा, १८२४ चा. डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गला त्याच्या हाताखालच्या उत्तरेच्या सैन्याचा मोठा पराभव झाला, हे त्याच्या नावाला कायमचं चिकटलं. गालांवरून थेट मिशांना भिडणारे त्याचे कल्ले इतके प्रसिद्ध झाले की त्याचं आडनाव उलटं होऊन 'साइडबर्न्स' हा शब्द तयार झाला. युद्ध संपल्यावर तो इंडियानापोलिस अँड व्हिन्सेन्सचा अध्यक्ष झाला आणि त्याच सुमारास, १८६६ ते १८६९, ऱ्होड आयलंडचा गव्हर्नरही होता. सिनेटर झाला तो १८७५ मध्ये. म्हणजे विक्रेता 'सिनेटरची सही' म्हणतो तेव्हा तो पुढची पदवी मागच्या कागदाला लावतो आहे. रोख्यावरची तारीख नीट वाचा. ती १८६६ च्या मध्यापासून १८६९ च्या वसंतापर्यंतची निघाली, तर तुमच्या हातात एका राज्याच्या गव्हर्नरने पदावर असताना दुसऱ्या राज्यातल्या खाजगी रेल्वेचा अध्यक्ष म्हणून सही केलेला कागद आहे. मला हे 'सिनेटरची सही' या चिठ्ठीपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. त्या काळात सरकार, सैन्य आणि रेल्वे यांच्यातली भिंत किती पातळ होती ते त्या एका कागदावर दिसतं.

राजकारणी रेल्वेच्या रोख्यांवर का सापडतात, याचं कारण त्या काळच्या पैशात आहे. आपल्याकडे जीआयपी रेल्वेला ईस्ट इंडिया कंपनीने १८४९ च्या करारात भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली, आणि त्या हमीवर लंडनमध्ये भागभांडवल उभं राहिलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्यामागे ही हमी होती. अमेरिकेत तशी सरसकट हमी नव्हती. सनद विधिमंडळाकडून मिळवायची, जमीन सरकारकडून घ्यायची, जमेल तिथे राज्याची पतही उसनी घ्यायची आणि उरलेला पैसा रोखे विकून उभा करायचा, असा तो व्यवहार होता. १८६२ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने तर भूभागाच्या अवघडपणानुसार मैलाला १६,०००, ३२,००० किंवा ४८,००० डॉलरचे सरकारी रोखे देऊ केले. अशा व्यवहारात विधिमंडळात ज्याचं वजन, तो माणूस कंपनीच्या अध्यक्षपदी असणं हेच भांडवल होतं. लिलंड स्टॅनफर्ड १८६२-६३ मध्ये कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर होता आणि त्याच वेळी सेंट्रल पॅसिफिकचा अध्यक्ष. ८ जानेवारी १८६३ ला सॅक्रामेंटोमध्ये रेल्वेच्या कामाची पहिली कुदळ पडली तेव्हा समारंभाचा गव्हर्नर आणि कंपनीचा अध्यक्ष एकच माणूस होता. युनियन पॅसिफिकचा पहिला अध्यक्ष जॉन डिक्स त्याआधी देशाचा अर्थमंत्री होऊन गेला होता आणि नंतर न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला. न्यूयॉर्क सेंट्रलचा पहिला अध्यक्ष इरॅस्टस कॉर्निंग ऑल्बनीचा महापौर आणि काँग्रेसचा सदस्य. ही सगळी नावं कागदावर आली ती त्यांच्या वजनामुळे.

माझ्याकडे येणाऱ्या कागदांवर सह्या साधारण तीन नात्यांनी येतात. कंपनीचा अध्यक्ष म्हणून केलेली सही सगळ्यात जास्त दिसते, तुमचा बर्नसाइड त्यातलाच. भागधारक म्हणून केलेली सही शेअर सर्टिफिकेटच्या पाठीवर, हस्तांतराच्या रकान्यात असते. ती कमी दिसते आणि नवखे लोक पाठ बघतच नाहीत म्हणून कधीकधी स्वस्तात हाती लागते. तिसरं नातं मला सगळ्यात जवळचं आहे: रेल्वेला मदत म्हणून राज्याने स्वतः काढलेले किंवा हमी घातलेले रोखे, ज्यांच्यावर गव्हर्नर राज्याच्या वतीने सही करतो.

मिनेसोटाचं उदाहरण बघा. राज्य म्हणून मान्यता मिळाली त्याच वर्षी, १८५८ मध्ये, तिथल्या मतदारांनी रेल्वे कंपन्यांना पन्नास लाख डॉलरपर्यंत राज्याची पत वापरू द्यायला कौल दिला. प्रत्यक्षात २२,७५,००० डॉलरचे रोखे निघाले, गव्हर्नर होता हेन्री सिबली. रेल्वे काही उभी राहिली नाही, राज्याने १८६० मध्ये देणं नाकारलं, आणि प्रकरण मिटलं ते १८८१ मध्ये, निम्म्या रकमेवर. आता इथे एक साधा हिशोब करा. हजार-हजार डॉलरचे रोखे धरले तर सिबलीने ही सही दोन हजारांवर वेळा केली. हा हिशोब मी प्रत्येक रोख्याला लावते आणि तुम्हीही लावा. रोख्याच्या मजकुरातच बहुधा लिहिलेलं असतं की हा अमुक रकमेच्या, अमुक क्रमांकापासून अमुक क्रमांकापर्यंतच्या मालिकेतला एक आहे. त्यावरून अध्यक्षाने किती वेळा सही केली ते निघतं. विक्रेते म्हणतात 'दुर्मिळ सही', पण रोख्यावरची सही ही कारकुनी सही असते. माणूस टेबलाशी बसून दिवसचे दिवस सह्या करत असे. दुर्मिळता ठरते ती त्यातले किती कागद उरले यावर. रोख्याची रक्कम चुकती झाली की कंपनी तो परत घेऊन रद्द करत असे, आणि पुष्कळदा नष्टही करत असे. उलट ज्या कंपन्यांच्या वखारींत रद्द रोख्यांचे गठ्ठे तसेच पडून राहिले, त्यांचे कागद कंपन्या विलीन झाल्यावर किंवा बुडाल्यावर एकगठ्ठा बाजारात आले.

युद्धानंतरच्या दक्षिणेकडच्या राज्यांचे रोखे हा तर स्वतंत्र संग्रहाचा विषय आहे. नॉर्थ कॅरोलिनाचा गव्हर्नर विल्यम होल्डन याच्या कारकिर्दीत १८६९ च्या आसपास रेल्वेसाठी खास कराच्या तारणावर रोखे निघाले, पैसा वाटेत जिरला आणि लोहमार्ग फारसा झालाच नाही. होल्डनवर पुढे महाभियोग चालला तो कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या गुप्त संघटनेविरुद्ध सैनिक वापरल्याच्या कारणावरून, आणि मार्च १८७१ मध्ये तो पदावरून गेला. महाभियोगाने पदच्युत झालेला अमेरिकेतला तो पहिला गव्हर्नर. फ्लोरिडाचे १८७० चे, गव्हर्नर हॅरिसन रीडच्या काळातले रोखे तर थेट हॉलंडमधल्या गुंतवणूकदारांच्या गळ्यात पडले. रोखा हातात घेतला की मला नेहमी तो डच माणूस डोळ्यांसमोर येतो, ज्याने कधी फ्लोरिडा पाहिलं नाही आणि गव्हर्नरच्या सहीवर विश्वास ठेवून साठवलेला पैसा दिला.

आणि एक माणूस, ज्याच्यासाठी मी स्वतः वेडी आहे: विल्यम महोन. दक्षिणेचा सेनापती, मूळचा रेल्वे इंजिनिअर. १८७० मध्ये त्याने व्हर्जिनियातल्या तीन रेल्वे एकत्र करून अटलांटिक, मिसिसिपी अँड ओहायो ही कंपनी केली. कंपनीच्या आद्याक्षरांवरून लोक म्हणत, 'ऑल माइन अँड ओटेलियाज', म्हणजे सगळं माझं आणि ओटेलियाचं. ओटेलिया त्याची बायको. १८७१ च्या रोख्यांवर अध्यक्ष म्हणून महोनची सही आहे. १८७३ च्या मंदीनंतर कंपनीला व्याज झेपेना, ती कोर्टाच्या ताब्यात गेली, १८८१ मध्ये विकली गेली आणि तिची नॉरफोक अँड वेस्टर्न झाली. महोनने तोपर्यंत व्हर्जिनियात एक नवा पक्ष बांधला होता. राज्याच्या डोक्यावरचं जुनं कर्ज पुरतं फेडू नये, ते कमी करून घ्यावं, हा त्याचा मुख्य मुद्दा. त्याच जोरावर तो १८८१ मध्येच सिनेटर झाला. ज्या हाताने हजारो रोख्यांवर 'फेडू' म्हणून सही केली, त्याच माणसाने पुढे 'सगळं फेडायचं नाही' या घोषणेवर निवडणूक जिंकली. माझ्याकडे असा एक रोखा आहे. रोख्याला जोडलेल्या, दर हप्त्याचं व्याज घेताना एकेक कापून द्यायच्या चिठ्ठ्या म्हणजे कूपनं. ती कुठपर्यंत कापली आहेत ते बघितलं की कंपनीने व्याज कधीपर्यंत दिलं तेही कळतं. मग इतिहासाचं पुस्तक उघडायची गरजच उरत नाही.

आता सही खरी आहे का, याकडे वळते. तुम्ही दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, फार महाग येत नाही. रोखा तिरक्या उजेडात धरा. त्या काळची शाई हिराकस आणि मायफळाची, सुरुवातीला काळी आणि वर्षांनी तपकिरी होणारी. भिंगाखाली खऱ्या सहीत टाक जिथे दाबला तिथे शाई दाट दिसते, जिथे उचलला तिथे रेघ निमुळती होते. दोन रेघा एकमेकींवरून जातात तिथे शाईचं बारीकसं डबकं साचलेलं असतं आणि शाई कागदाच्या धाग्यांतून केसभर पसरलेली असते. छापलेली सही सगळीकडे एकसारखी काळी असते. खोदकामाची छपाई असेल तर बोटाला किंचित उंचवटा लागतो, कारण रोख्याचा बाकीचा मजकूर आणि चित्रही तसंच छापलेलं असतं. सही आणि शेजारचा मजकूर यांचा काळेपणा हुबेहूब एक असेल तर ती सही छापील आहे असं धरा. एक घोटाळा फार जणांचा होतो: खालच्या कूपनांवर खजिनदाराची किंवा सचिवाची सही छापलेली असते. लोक तीच भिंगाखाली धरतात, छापील निघाली की रोखाच खोटा म्हणतात. बघायची असते ती वरच्या मुख्य मजकुराखालची.

त्याहून अवघड प्रकार म्हणजे खरा रोखा आणि खोटी सही. न वापरलेले, कोरे राहिलेले रोखे बाजारात मुबलक असतात. त्यावर कुणी नंतर मोठं नाव लिहिलं तर कागद, चित्र, छपाई सगळं अस्सल आणि सही तेवढी बनावट. म्हणून मी सही शेवटी बघते. आधी क्रमांक हाताने भरलाय का, तारीख भरली आहे का, कागदावर उंचवटा उमटवणारा कंपनीचा शिक्का दाबलेला आहे का ते बघते. मग कागद उलटते. पाठीवर विश्वस्ताचा, म्हणजे रोखेधारकांच्या वतीने रेल्वेची मालमत्ता गहाण धरणाऱ्याचा, दाखला असतो, हा रोखा गहाणखतात नमूद केलेल्यांपैकीच आहे असं सांगणारा, त्यावर विश्वस्ताची सही हवी. मग कूपनं मोजते. काही कापलेली असतील तर हा रोखा कुणाच्या तरी हातात होता, त्याने व्याज घेतलं, म्हणजे तो खरोखर विकला गेला होता. सगळी कूपनं शाबूत, पाठ कोरी, क्रमांक नाही आणि सही मात्र झोकात, असं दिसलं की मी कागद खाली ठेवते. सहीची तुलना करायची तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या रोख्याशी करा. बर्नसाइडने पत्राखाली निवांत केलेली सही आणि दिवसभरातल्या दोनशेव्या रोख्यावर केलेली सही यांत फरक पडणारच. मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या विक्रीची छायाचित्रं ऑनलाइन बघता येतात, त्यात याच कंपनीचे रोखे सापडतील.

छापणाऱ्याचं नाव तळाशी बारीक अक्षरांत असतं, तेही वाचा. अमेरिकन बँक नोट कंपनी १८५८ ची, नॅशनल बँक नोट कंपनी १८५९ ची, काँटिनेंटल १८६३ ची, आणि १८७९ मध्ये या शेवटच्या दोघी अमेरिकन बँक नोटमध्ये मिळाल्या. तारीख आणि छापखाना यांचा मेळ बसला पाहिजे.

नावाची गफलत हा आणखी एक खड्डा, आणि त्यात मी स्वतः पडले आहे. या छंदातलं माझं तिसरं वर्ष असेल. एका विक्रेत्याकडून नॉर्दर्न सेंट्रल रेल्वेचं शेअर सर्टिफिकेट घेतलं, वर्णन होतं 'लिंकनचा युद्धमंत्री कॅमेरॉन याची सही'. घरी आणून शांतपणे वाचलं तर सही 'जे. डी. कॅमेरॉन' अशी. लिंकनचा युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन, हा त्याचा मुलगा. मुलगाही पेनसिल्व्हेनियाचा सिनेटर झाला, मुलगाही युद्धमंत्री झाला, पण ग्रँटच्या काळात, १८७६ मध्ये. विक्रेत्याने फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यालाही माहीत नसावं. पैसे मात्र मी बापाच्या सहीचे दिले आणि सही घरी आली मुलाची. दोन रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून मी सहीतल्या आद्याक्षरांना आणि तारखेला आधी हात घालते, वर्णन नंतर वाचते. एम्स घराण्याचं तर याहून गुंतागुंतीचं आहे. क्रेदी मोबिल्ये, म्हणजे युनियन पॅसिफिकच्या बांधकामातल्या पैशांच्या घोटाळ्यात काँग्रेसने ज्याच्यावर १८७३ मध्ये ठपका ठेवला तो ओक्स एम्स. युनियन पॅसिफिकचा १८६६ ते १८७१ अध्यक्ष होता त्याचा भाऊ ऑलिव्हर एम्स. आणि मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला तो ओक्सचा मुलगा, त्याचंही नाव ऑलिव्हर एम्सच. युनियन पॅसिफिकच्या रोख्यावरच्या 'ऑलिव्हर एम्स' सहीला 'गव्हर्नरची सही' म्हणून विकायला काढलेलं मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे.

सोन्याचं. हे नीट ऐका, कारण यात लोकांनी आयुष्यभराची बचत घालवली आहे. 'सोन्याच्या नाण्यात देय' ही ओळ एकोणिसाव्या शतकात सर्रास छापत. ५ जून १९३३ च्या ठरावाने अमेरिकन काँग्रेसने कर्जांमधली सोन्याची अट रद्द केली, आणि १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका रेल्वे रोख्याच्याच खटल्यात, बाल्टिमोर अँड ओहायोच्या, ते पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरलं. तोपर्यंत ज्या कंपन्या बुडाल्या होत्या त्यांच्याकडून वसूल करायला कुणी उरलंच नव्हतं. १९९० च्या दशकात काही टोळ्यांनी असे पाच-पन्नास डॉलरचे रोखे घेऊन, चक्रवाढ व्याज आणि सोन्याचा भाव लावून लाखो डॉलरचे 'मूल्यांकन दाखले' तयार केले आणि गुंतवणूक म्हणून विकले. शिकागो, सॅगिनॉ अँड कॅनडा रेलरोडच्या रोख्याचं नाव त्यात गाजलं. अमेरिकी अर्थखात्याने या रोख्यांची संग्राहकांपलीकडे काही किंमत नाही असं जाहीरपणे सांगितलं. तुमच्या विक्रेत्याला बहुधा ही जुनी हवा लागली आहे.

राज्यांच्या रोख्यांचं तरी वसूल होतं का, असं कुणी विचारेल म्हणून सांगते. अमेरिकन राज्यघटनेच्या अकराव्या दुरुस्तीमुळे खाजगी माणसाला राज्यावर असा दावा लावता येत नाही. यातून एक विलक्षण खटला झाला. नॉर्थ कॅरोलिनाने एका रेल्वेसाठी काढलेले दहा रोखे त्यांच्या मालकाने साउथ डकोटा राज्याला चक्क दान केले, कारण एक राज्य दुसऱ्या राज्यावर दावा लावू शकतं. १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटाच्या बाजूने निकाल दिला आणि २७,४०० डॉलर मान्य केले. त्या रोख्यांना रेल्वेचे शेअर तारण होते, म्हणून ते साधलं. खास कराच्या रोख्यांवर तर नॉर्थ कॅरोलिनाने घटनेतच बंदी घालून ठेवली आहे. तेव्हा वसुली हा विषय मनातून काढून टाका.

किमतीबद्दल. ती कागदाच्या अवस्थेवर, रद्द करताना मारलेली भोकं सहीतून गेली आहेत की बाजूने, कूपनं किती आहेत, चित्र कसलं आहे, आणि त्या महिन्यात बाजारात असे आणखी किती आहेत यावर हलते. इंडियानापोलिस अँड व्हिन्सेन्सचे बर्नसाइडच्या सहीचे रोखे लिलावांत वरचेवर येतात. या कंपनीचे कागद पुढे पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या पंखाखाली गेले आणि बऱ्यापैकी टिकले. तुम्ही चार-सहा लिलावांतले प्रत्यक्ष विक्रीचे भाव बघा, मागितलेले नकोत. विक्रेत्याला ते दाखवून निम्म्याच्या खालून बोलणी सुरू करा. तो हलला नाही तर सोडून द्या, असा कागद पुन्हा मिळेल. सही भोकाने चिरली असेल तर तेवढ्यालाही घेऊ नका.

पुढे संग्रह करायचा तर माझा सल्ला, मोठ्या नावांच्या मागे धावू नका. एक राज्य किंवा एक प्रकरण धरा. तुम्ही इंडियानात आहात, तिथल्या दोन-तीन रेल्वे धरल्या तरी गृहयुद्धापासून १८७३ च्या मंदीपर्यंतचा काळ हाताशी येतो. बर्नसाइड सिनसिनाटी अँड मार्टिन्सव्हिल रेलरोडचाही अध्यक्ष होता, दुसरा कागद तिकडचा शोधा. मग स्टॅनफर्डसारखी महागडी सही घ्यायची घाई राहत नाही.

वडिलांसाठी एक खास गोष्ट. ते तिकिटांचे रसिक आहेत ना? १८६२ ते १८७२ या काळात अमेरिकेत युद्धाच्या खर्चासाठी कागदपत्रांवर महसुली तिकीट लावायचा कायदा होता, म्हणून तुमच्या रोख्यावर बहुधा तिकीट चिकटवलेलं असेल, शाईने आद्याक्षरं आणि तारीख घालून रद्द केलेलं. त्या पहिल्या मालिकेतल्या सगळ्या तिकिटांवर जॉर्ज वॉशिंग्टनचा चेहरा आहे. तिकिटावरची तारीख आणि रोख्याची तारीख जुळते का ते त्यांनाच तपासू द्या. कोर्ट फीच्या तिकिटांची सवय असलेल्या माणसाला हे एका नजरेत कळेल, आणि मला खात्री आहे, सहीच्या आधी ते तिकीटच बघतील.

भारतात नेण्याबद्दल. १९७२ च्या पुरावशेष कायद्यातल्या व्याख्येत ऐतिहासिक मोलाची, किमान ७५ वर्षं जुनी कागदपत्रंही येतात, आणि अशा वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणून पुढे कधी परत अमेरिकेत आणून विकायचा बेत असेल तर तो कागद इथेच ठेवा. कायमचा वडिलांना द्यायचा असेल तर खुशाल न्या, खरेदीची पावती सोबत असू द्या.

नेताना घडी नव्याने घालू नका. रोखे मुळात घडी घातलेले असतात, त्याच जुन्या घड्यांवर ते फाटतात. मोठ्या आकाराचं पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट मिळतं, त्यात सपाट ठेवून दोन पुठ्ठ्यांमध्ये धरा. मऊ प्लास्टिकची, वास येणारी फाइल नको, शाई त्याला चिकटते. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांचं नावही काढू नका. नाशिकच्या पावसाळ्यात कपाट भिंतीला टेकलेलं नसावं, आणि महिन्यातून एकदा पाकीट उघडून कसर लागली नाही ना ते बघायला सांगा. भिंतीवर लावायची हौस असेल तर त्याच आकारात चांगली रंगीत प्रत काढून ती फ्रेम करा, मूळ रोखा उजेडात ठेवला तर मायफळाची शाई फिकट होत जाते.

बोलणी करायला जाल तेव्हा भिंग न्या आणि आधी पाठ बघा. विश्वस्ताचा दाखला, कापलेली कूपनं आणि क्रमांक यांचे फोटो इथे टाकलेत तर मी आणि बाकी मंडळी नक्की बघू.